मरीआईचा गाडा आणि आपले हात

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रात काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडू लागतात. नालेसफाईचे दावे होतात, पहिल्या मोठ्या सरीबरोबर ते वाहून जातात, आणि पंधरा-वीस दिवसांत कुठल्या तरी तालुक्यातून गॅस्ट्रोच्या साथीची बातमी येते. जलवाहिनीला गळती लागून गटाराचे पाणी तिच्यात शिरले, विहिरीभोवती कठडा नव्हता किंवा टाकीत टीसीएल पावडर पडलीच नव्हती, असे कारण दोन दिवसांनी उघडकीस येते. आरोग्य पथक धाव घेते, संबंधितांना नोटिसा जातात, पाणी उकळून प्यावे असे आवाहन निघते. पाऊस सरतो आणि सारे विस्मरणात जाते. पुढल्या वर्षी बातमी तीच असते. गावाचे नाव तेवढे बदललेले असते.

या परिपाठाला आपण इतके सरावलो आहोत की त्यात काही लाजिरवाणे आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. वस्तुतः ज्या रोगांची कारणे शतकाहून अधिक काळ जगाला ठाऊक आहेत आणि ज्यांचा प्रतिबंध साबणाची वडी, स्वच्छ पाणी व दोन-चार साध्या सवयी यांनी बहुतांशी होऊ शकतो, त्या रोगांनी एकविसाव्या शतकात माणसे अंथरुणाला खिळावीत, हे कुठल्याही सुजाण समाजाला भूषणावह नाही. हे का घडते याचा विचार करू लागले की एका जुन्या रूढीची आठवण होते.

पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा कोप झाला, असे आपल्या खेड्यापाड्यांतून मानले जात असे. मग गावकरी एक गाडा सजवीत, त्यात देवीची स्थापना करीत, नैवेद्य दाखवीत आणि वाजतगाजत तो गाडा गावच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत. देवी गेली, रोग गेला, अशी समजूत. शिवेपलीकडच्या गावाला अर्थातच ही पाहुणी नको असे; ते गाव तिची पूजा करून तो गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकली. असा हा गाडा गावोगाव फिरे, आणि पुष्कळदा साथही त्याच वाटेने फिरे.

आज या रूढीला आपण हसतो. परंतु घर झाडून केर जिन्याखाली लोटणारी गृहिणी, गच्चीतून पिशवी मागच्या गल्लीत भिरकावणारा सद्गृहस्थ, मोटारीची काच खाली करून पिंक टाकणारा पदवीधर आणि आपले सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडून खालच्या गावाच्या पाणवठ्यावर पाठवणारे शहर, हे सारे वेगळे काय करीत असतात? आपल्या शिवेबाहेर गेले म्हणजे ते नाहीसे झाले, हीच ती समजूत. आपली स्वच्छता उंबरठ्याशी संपते. आणि रोगाला उंबरठा माहीत नसतो. या लेखाचे सांगणे एवढेच आहे की आरोग्याच्या सवयी ही प्रत्येकाची खाजगी बाब नसून ते एकमेकांविषयीचे कर्तव्य आहे. आणि कर्तव्य म्हटले की ते जसे व्यक्तीला लागू होते तसेच नगरपालिकेला, शाळेला आणि सरकारलाही लागू होते.

सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे

आमच्या संस्कृतीत शुचितेला केवढे महत्त्व आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. बाहेरून आल्यावर पाय धुणे, आंघोळीवाचून स्वयंपाकघरात न जाणे, उष्टे-खरकटे वेगळे ठेवणे यांत आरोग्याच्या दृष्टीने पुष्कळ शहाणपण होते. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घेण्याची पद्धत तर आजच्या आरोग्यशास्त्रालाही मान्य व्हावी अशी. पाणी साठवण्याच्या भांड्यात बुडणारा हात रोग पसरवतो, हे आता प्रयोगांनीही दिसले आहे. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत पटकीचा रुग्ण असलेल्या घरांना अरुंद तोंडाच्या सुरया दिल्या तेव्हा घरातल्या इतरांना होणारा संसर्ग पुष्कळ घटला, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आमच्या आज्यांना जंतू ठाऊक नव्हते; ओगराळे मात्र ठाऊक होते. स्टीलच्या पिंपात पेला बुडवणाऱ्या आजच्या घरांनी ते माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही.

पण सोवळ्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या कल्पनेने विटाळ जंतूंत पाहिला नाही; तो माणसांत पाहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह पाणी प्राशन केले. ज्या तळ्याला गुरांचे वावडे नव्हते ते माणसांच्या स्पर्शाने बाटले असे ठरवून सनातन्यांनी पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. शुद्धी आणि स्वच्छता या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. गाव स्वच्छ ठेवणाऱ्या हातांनाच अपवित्र ठरवणाऱ्या समाजात सार्वजनिक स्वच्छता ही नेहमी ‘दुसऱ्या कुणाचे तरी’ काम होऊन बसली, यात नवल नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात शौचालयांचे नि सफाईचे काम आपले मानले, ते ही गाठ सोडवण्यासाठीच. कीर्तनाला येणाऱ्या बाबांनी आधी गाव झाडावा आणि मग देव कुठे आहे ते विचारावे, या क्रमातच त्यांचे तत्त्वज्ञान होते.

विद्वानांचे हात

हात धुण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणूनच ती पटवणे कठीण जाते, आणि हा अनुभव केवळ अडाण्यांच्या बाबतीतला नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर एका कोड्याने अस्वस्थ झाला होता. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुईणींच्या विभागाहून कितीतरी जास्त होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तर तेथे १०० मागे सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतिगृहात जातात, हे सेमेलवाइसने हेरले आणि क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णाला शिवायचे नाही असा दंडक घातला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

एवढा प्रत्यक्ष पुरावा समोर असता वैद्यकीय जगाने त्याचे स्वागत केले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. प्रतिष्ठित डॉक्टरांचे हात मृत्यू वाहून नेतात, ही कल्पनाच पुष्कळांना अपमानास्पद वाटली. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. सूक्ष्म जंतूंविषयीचे पाश्चरचे संशोधन आणि लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया यांनी नंतर त्याचे म्हणणे खरे ठरवले; परंतु मधल्या काळात किती माता गेल्या याची गणती कोण करणार? माझे हात अस्वच्छ असू शकतात, हे मान्य करण्यात माणसाचा अहंकार आड येतो. रोगाला आमंत्रण देणारा कोणी दुसराच असतो, असे मानणे सोयीचे असते. मरीआईचा गाडा युरोपातही होता. त्याला चाके निराळी होती, एवढेच.

साबणाचे काम

मग नेमके काय करायचे? शौचानंतर, लहान मुलाचे ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, जेवणापूर्वी, बाळाला भरवण्यापूर्वी आणि आजाऱ्याची शुश्रूषा केल्यावर साबणाने हात धुवावेत. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांखालची जागा चोळायला वीसेक सेकंद लागतात. साबणाची करामत मुख्यतः जंतू मारण्यात नाही. हातावरच्या तेलकट थरासकट त्यांना सोडवून पाण्याबरोबर वाहून लावण्यात आहे. म्हणूनच नुसते पाणी बोटांवरून फिरवणे पुरेसे होत नाही. म्हणूनच, दिसायला मळलेल्या हातांवर सॅनिटायझर चोळूनही भागत नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंपुढे तर तो फारसा चालतच नाही. महागडा सुगंधी साबण लागतो असेही नाही. कपड्यांच्या वडीचा तुकडाही हे काम करतो.

साबणाने हात धुण्याची सवय लावली तर अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते, असा अनेक देशांतल्या अभ्यासांचा निष्कर्ष आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत अतिसार आजही मोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. शिवाय अतिसाराने जे मूल मरत नाही तेही सुटत नाही. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. ते खुरटते, अशक्त होते आणि पुढच्या आजाराला सहज बळी पडते. कुपोषणाची चर्चा आपण धान्याच्या आणि पोषण आहाराच्या भाषेत करतो. ती योग्यच आहे, पण घास भरवणारा हात कसा आहे, हेही त्याच चर्चेचे अंग आहे.

आपली सवय काय सांगते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ च्या उत्तरार्धात, देशभर चौकशी झाली तेव्हा शौचानंतर साबण वापरणारी कुटुंबे १०० त सुमारे ७४ निघाली. जेवणापूर्वी साबण वापरणारी मात्र जेमतेम ३६ होती; ६० कुटुंबे नुसत्या पाण्यावर भागवीत होती. आपण हातांनी जेवणारे लोक. जेवल्यावर हात धुवायचे ते तेलकट, पिवळे झालेले असतात म्हणून. जेवण्यापूर्वी ते स्वच्छ ‘दिसतात’ म्हणून राहून जाते. मंगल कार्यालयांतला अनुभव आठवावा. पंगत उठल्यावर मोरीपाशी झुंबड उडते, पंगत बसण्यापूर्वी तिकडे कोणी फिरकत नाही. डोळ्यांना दिसणारी घाण आपण धुतो; न दिसणारी तशीच तोंडात घालतो.

कोरोनाने शिकवले ते

कोणी म्हणेल की कोरोनाने हे सारे शिकवले आहे. २०२० च्या वसंतात खरोखरच असे वाटले होते. सोसायट्यांच्या दारात, बँकांपुढे, भाजी मंडईत पायाने दाबायच्या नळाची बेसिने उभी राहिली, मुले गाणे म्हणत हात धुऊ लागली. आज ती बेसिने कोठे आहेत? पुष्कळ ठिकाणी ती कोरडी ठणठणीत पडली आहेत. एखाद्यात कुंडी आहे, एखाद्यात कचरा. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर गेली.

यात आपल्या शिकवणीचाही थोडा दोष आहे. कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने श्वासातून, हवेवाटे पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्या वेळी मात्र आपण भाजीच्या जुड्या धूत होतो आणि खिडक्या लावून वातानुकूलित सभागृहांत बैठका घेत होतो. जो उपाय ज्या रोगाचा तो त्यालाच जोडला पाहिजे. पोटाचे विकार हात, पाणी आणि माश्या यांच्या वाटेने येतात. तेथे साबण आणि झाकण. श्वासाचे विकार, त्यांत क्षय आला, फ्लू आला, गोवरही आला, हवेच्या वाटेने येतात. तेथे उघडी खिडकी, खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपराचा आडोसा, खोकला असताना मुखपट्टी आणि आजारी असताना घरी राहणे. गोवराला तर लसीवाचून पर्याय नाही. हा भेद नीट सांगितला नाही, तर एक उपाय फोल ठरला म्हणून लोक सगळेच उपाय सोडून देतात.

आजारी असताना घरी राहणे, हे वरवर सोपे वाटणारे कलम तर आपण उलटे शिकवतो. तापाने फणफणलेले मूल शंभर टक्के उपस्थितीच्या बक्षिसासाठी वर्गात येऊन बसते आणि आपण टाळ्या वाजवतो. हातगाडीवरचा आचारी, खानावळीतला वाढपी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना जुलाब होत असतानाही कामावर यावे लागते, कारण खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडाला. त्यांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या मालकाने आजारपणाची भरपगारी रजा दिली, तर तो धडा अधिक चांगला पोचेल.

नळाविना उपदेश

सवयीच्या प्रश्नाची खरी मेख येथे आहे. सवय ही हवेत लागत नाही. ती नळापाशी लागते. ज्या वस्तीत टँकर चार दिवसांनी येतो तेथे घागरभर पाणी आधी चुलीकडे जाणार. तेथल्या माउलीला हात धुण्याचे महत्त्व सांगणाऱ्या फलकाचा खर्च नळावर झाला असता तर बरे, असे कोणाही विचारी माणसाला वाटेल.

शाळेचेच उदाहरण घेऊ. दुपारच्या आहाराची घंटा होते, शंभर मुले बाहेर पडतात आणि नळ असतो एक. प्रत्येक मुलाला अर्धा मिनिट धरला तरी शेवटच्या मुलाची पाळी यायला ५० मिनिटे लागतील. सुट्टी तेवढी नसतेच. मुले हात न धुता बसतात आणि गुरुजी ‘शिस्त नाही’ म्हणतात. तेथेच एका आडव्या पाइपला दहा तोट्या बसवल्या तर हे काम पाच मिनिटांत होते. हा प्रश्न संस्काराचा कमी आणि नळकामाचा अधिक आहे. ज्या मुलाने आठ वर्षे रोज वर्गासोबत साबणाने हात धुतले, ते पुढे आयुष्यभर त्यावाचून पानावर बसणार नाही. पण साबण मात्र कपाटात कुलूपबंद नको. शाळेच्या मासिक खर्चात खडूइतकाच त्याचाही हिशोब धरला पाहिजे.

नागरिकाने कितीही काळजी घेतली तरी यंत्रणेने कसूर केली तर काय होते, ते २०२५ च्या जानेवारीत पुण्याने पाहिले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, धायरी, किरकटवाडी, नांदेड या बाजूला, गुलेन बॅरे सिंड्रोम या एरवी विरळा आढळणाऱ्या विकाराचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. हातापायांतली शक्ती जाऊन माणसे कृत्रिम श्वसनयंत्रावर गेली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर पोचली, काहींचा अंत झाला. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. संशयाचा काटा दूषित पाण्याकडे वळला. ही काही दुर्गम पाड्यावरची गोष्ट नव्हे. विद्येच्या माहेरघराला लागून असलेल्या, उंच इमारतींनी भरून गेलेल्या भागातली आहे. घरे आधी आली, नळ-गटारे मागून येत राहिली. तेथल्या गृहिणीने हात धुतले नाहीत असे कोण म्हणेल? तिने ते ज्या पाण्याने धुतले, प्रश्न त्याचा होता.

आपल्याकडे यंत्रणा नाहीच असे नव्हे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. गावोगाव जलसुरक्षक नेमलेले आहेत. योजना उत्तम आहे. पण आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे, हे गावातल्या किती जणांना ठाऊक असते? ते कार्ड दप्तरात न ठेवता चावडीवर आणि शाळेच्या भिंतीवर लागले पाहिजे आणि ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याचा विचारला गेला पाहिजे.

धाकाने नव्हे

कडक दंड करा, म्हणजे लोक सुतासारखे सरळ होतील, असा एक आवडता उपाय सुचवला जातो. थुंकणाऱ्याला दंड व्हावा, यात वाद नाही. परंतु निव्वळ धाकाचे राज्य आरोग्याच्या क्षेत्रात चालत नाही, हे पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्येच अनुभवले आहे. सोजिरांनी घराघरांत शिरून तपासण्या केल्या, सामान रस्त्यावर फेकले. परिणामी लोकांनी रोगी लपवले आणि संताप रँडच्या वधापर्यंत गेला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगला बळी पडल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, आरोग्य रक्षणाच्या या दोन रीती होत्या. लोकांनी कोणती मनात जपली, हे सांगण्याची गरज नाही. विश्वासाने सांगितलेले लोक ऐकतात. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात हजारो गावांनी आपली गावे स्वतःच्या हातांनी झाडून काढली, ती काही दंडाच्या भीतीने नव्हे.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यापुरते तरी चार गोष्टींचे मागणे मागावे. प्रत्येक शाळेत आणि अंगणवाडीत पुरेशा तोट्या व साबण. प्रत्येक गावाच्या पाण्याचे कार्ड भिंतीवर. खाद्यपदार्थ करणाऱ्या-वाढणाऱ्या कामगाराला आजारपणात पगारी रजा. आणि प्रत्येक घरात, पान वाढण्यापूर्वी, साबणाने धुतलेले हात. पहिल्या तीन गोष्टी सरकारकडे, नगरपालिकेकडे आणि मालकांकडे मागायच्या आहेत, आणि त्या मिळेपर्यंत मागत राहायच्या आहेत. चौथी कोणाकडेही मागावी लागत नाही. ती आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करता येते.

मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेत ढकलण्याचे दिवस संपले, असे आपण समजतो. वाटेत आपलेच दुसरे गाव लागते, हे ज्या दिवशी आपल्या ध्यानी येईल त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने संपतील.